शाकारणी, कोबा आणि पत्रा : एका घराच्या छपराच्या प्रकल्प नोंदी (गुहागर तालुका, एप्रिल ते जून २०२५)

७ एप्रिल

पाहणी. समुद्रापासून चारेकशे मीटरवरचे घर, तोंड पश्चिमेला. मूळ घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), त्यावर मंगलोरी कौले. दक्षिणेला मागाहून बांधलेला दुमजली स्लॅबचा भाग. त्याची भिंत कौलांच्या वर जाते. पुढे पडवीवर पत्रा.

तक्रारी तीन. माजघराच्या दक्षिण भिंतीला ओल, वरच्या खोलीच्या छताला पोपडे, पडवीचा पत्रा गंजून ठिबकतो. मालक तिन्हींना 'लीकेज' म्हणतात, गवंडी तिन्हींवर एकच उत्तर देतो, 'वॉटरप्रूफिंग करू'. आधीच्या कामाच्या कोटेशनमध्येही तेवढाच शब्द आहे आणि पुढे 'एकरकमी'. त्या शब्दाखाली कुणी कोबा (विटांच्या तुकड्यांचा ढाळाचा थर) घालतो, कुणी ब्रशने काळे डांबर फासतो. म्हणून या नोंदींत कामासोबत शब्दही लिहीत जाऊ. सुतार, गवंडी, पत्रेवाला आणि मालक यांनी एका शब्दाचा एकच अर्थ धरला पाहिजे.

कौलारू भागाचे शब्द आधी. उतरत्या दोन बाजू म्हणजे पाखी. माथ्यावर दोन्ही पाखी जिथे मिळतात तिथले आडवे लाकूड ते आढे. आढ्यापासून खाली येतात ते वासे, वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा, रिपांवर कौल अडकते. माथा झाकणारे ते कोन्याचे कौल. छपराची खालची कड भिंतीबाहेर येते तिच्या खाली वळचण, कडेवरून गळते ती पागोळी आणि पागोळी झेलते ते पन्हळ.

मापे : प्रत्येक पाखे १२ मी. लांब, वाशाच्या दिशेने ५.५ मी. म्हणजे दोन्ही मिळून १३२ चौ.मी. उतार ३० अंश, ठीक आहे. गच्ची ९ × ६.५ मी., ५८.५ चौ.मी. पडवी १२ × २.४ मी.

८ एप्रिल

काही उचकटण्याआधी पाइपने पाणी मारून पाहिले. पद्धत अशी की एक माणूस आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर. पाणी नेहमी खालून वर न्यायचे, एका टप्प्यावर दहा मिनिटे. वरून सुरुवात केली की पाणी सगळ्या छपरावरून धावते आणि कुठून शिरले ते कळत नाही.

माजघराची ओल कौलांतून नव्हतीच. पाण्याची धार कौले आणि दक्षिण भिंत यांच्या सांध्यावर आली तेव्हा चौथ्या मिनिटाला आत भिंत काळी पडू लागली. आत डाग दिसतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा यांत इथे दीड मीटरचे अंतर निघाले. शिरलेले पाणी वाशाच्या खालच्या अंगाने घसरत येते आणि पहिल्या गाठीवर किंवा जोडावर थेंब सोडते. डागाच्या डोक्यावरचे कौल बदलून गळती थांबत नाही ती यामुळेच.

११ एप्रिल

कौले उतरवायला सुरुवात. कोकणात पावसाआधी कौले काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची जुनी रीत आहे, तीच शाकारणी. हल्ली घरे बंद असतात, माणसे मिळत नाहीत, त्यामुळे ती पाच-सात वर्षे होत नाही आणि मग एकदम 'छप्पर बदला' असे निघते. या घराचे छप्पर बदलण्यासारखे मुळीच नाही.

मोजणी : एका पाख्यावर १७ रांगा, रांगेत ५७ कौले, म्हणजे दोन्हीकडे मिळून १,९३८. चौरस मीटरला साधारण १५ कौले हा हिशेब जुळतो. फुटकी आणि तडकलेली २१६ निघाली, त्यांतली बरीचशी माडाखालच्या कोपऱ्यात. वानरांचाही हात आहेच.

कौल तपासायचे ते असे : हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजले तर ठेवायचे, बद्द वाजले तर आत चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. दोन्ही अंगांच्या खाचा (एका कौलाची कड दुसऱ्यात बसते त्या) तारेच्या ब्रशने साफ करायच्या. शेवाळ आणि पातेरा (वाळका पाला) त्या खाचेत साचला की पाणी खाचेतून पुढे न जाता बाजूला उलटते. निम्म्या 'फुटक्या कौलांच्या' तक्रारी या मळलेल्या खाचांच्या असतात. प्रेशर वॉशर वापरला नाही. जुन्या कौलाची भाजलेली वरची साय त्याने उडते आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरते.

काही कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या जुन्या कारखान्यांचे ठसे आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने तिथे पहिला कारखाना १८६५ साली काढला, तेव्हापासून जहाजाने आलेली कौले या किनाऱ्याने वापरली. ही कौले आजच्या काही नव्या मालापेक्षा जास्त खणखणीत वाजतात.

१५ एप्रिल

रिपा. ७४ मी. रीप वाळवीने पोकळ, बदलली. नवी रीप ठोकण्याआधी कापलेल्या टोकांसह वाळवीचे औषध लावले. टोके कोरडी राहिली की वाळवी तिथूनच चढते.

रीप ते रीप अंतर ३२ सेंमी. हे पुस्तकातून घ्यायचे नाही, हातातल्या कौलावरून काढायचे : सहा कौले एकात एक अडकवून जमिनीवर मांडायची, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून पहिल्या कौलाच्या नाकापासून (पाठीवरचा रिपेत अडकणारा उंचवटा) सहाव्याच्या नाकापर्यंत लांबी मोजायची, त्यांच्या मधला आकडा पाचने भागायचा. अंतर जास्त झाले तर वरचे कौल खालच्यावर पुरेसे चढत नाही आणि झड (वाऱ्याने फेकलेली पाण्याची धूळ) आत येते. कमी झाले तर कौल नाकावर उभे राहते, डगमगते.

सगळ्यांत खालची रीप दुहेरी. पहिल्या रांगेच्या खाली टेकायला दुसरे कौल नसते, म्हणून तिथे कौलाच्या जाडीएवढी उंची द्यावी लागते. ती दिली नाही तर पहिली रांग खाली मान टाकते आणि पागोळी पन्हळात न पडता भिंतीवर येते. या घरी पश्चिमेला नेमके हेच झाले होते.

१७ एप्रिल

कौले परत बसवली. कौलाच्या पाठीवरच्या नाकाला भोक असते, ते तार ओवण्यासाठी. पश्चिम पाख्याच्या खालच्या तीन रांगा, उत्तर टोकाच्या दोन ओळी आणि आढ्यालगतची रांग तांब्याच्या तारेने रिपेला बांधली. साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही. 'एवढे वजनदार कौल उडते का' असा प्रश्न येतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरेच्या छपरे उडाली. वारा कौल वरून दाबत नाही, कडेखाली शिरून उचलतो. आधी कडेचे जाते, मग त्याच्या मागची ओळ.

कोन्याची कौले ३४. जुना मसाला नुसत्या सिमेंटचा, दगडासारखा आणि चिरा पडलेला. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडक मसाला त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो, आणि केसाएवढ्या फटीतून पाणी आपणहून वर ओढले जाते. नवा मसाला सिमेंट १, चुना १, वाळू ६. मसाला कोन्याच्या कडेपर्यंत आणायचा नाही, एक सेंमी आत थांबवायचा, म्हणजे कडेवरचा थेंब कौलावर पडतो, मसाल्यावर नाही. गवंड्याला ही सवय लावताना पहिली सहा कौले दोनदा करावी लागली. त्याला कड भरून, थापी फिरवून गुळगुळीत केलेलीच आवडते.

२१ एप्रिल

भिंतीचा सांधा, या कामाचा खरा गाभा. इथे जो पत्रा बसतो त्याला फ्लॅशिंग म्हणतात. पत्रेवाला 'पट्टी' म्हणतो. छप्पर भिंतीला, चिमणीला किंवा पाइपला भिडते तिथले पाणी भिंतीपासून छपरावर वळवणे हे तिचे काम. फट बुजवणे हे तिचे काम नव्हे.

आधी तिथे सिमेंटचा वाटा होता. वाटा म्हणजे आडव्या आणि उभ्या पृष्ठाच्या कोपऱ्यातली गोलाई. गच्चीवर तो हवाच, पण कौल आणि भिंत यांच्यामध्ये तो चालत नाही : भिंत जागची हलत नाही, छपराचे लाकूड हलते, आणि वाटा दोघांनाही चिकटलेला. तो फुटणारच. दोन बोटे आत जातील एवढी फट पडली होती, वरून तीन वेळा पांढऱ्या सिमेंटने लिंपलेली.

नवे काम : ०.७ मिमी अ‍ॅल्युमिनियम, काटकोनात वळवलेले. उभा भाग १५ सेंमी, आडवा १५ सेंमी. आडव्याने कौलाची पहिली उंच धार ओलांडून पुढच्या खोलगटात उतरले पाहिजे. दोन मीटरचे तुकडे, प्रत्येक पाख्याला तीन. जोडावर वरचा तुकडा खालच्यावर १० सेंमी चढवला. बसवताना खालून वर जायचे. भिंतीत कटरने २.५ सेंमी खोल खाच मारली, पट्टीची वरची कड वळवून त्या खाचेत घातली, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फट भरणारा लवचिक लेप. खाचेत जाणाऱ्या भागाला आधी डांबरी रंग दिला, कारण ओले सिमेंट अ‍ॅल्युमिनियम खाते.

पट्टी भिंतीला पक्की, कौलाला मोकळी. कौलात स्क्रू मारायचा नाही. छप्पर हलले तर पट्टीखाली सरकेल, फाटणार नाही.

पाण्याची चाचणी पुन्हा : त्याच जागी वीस मिनिटे, आत कोरडे.

२४ एप्रिल

गच्ची. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो आणि जिथे पोकळ वाजले तिथे खडूने वर्तुळ. संध्याकाळपर्यंत एक तृतीयांश गच्ची पांढरी झाली. कोबा स्लॅबपासून सुटला आहे. मधल्या पोकळीत पाणी वर्षभर साठते, म्हणून खोलीचे छत फेब्रुवारीतही ओले.

मालकांचा कल जुन्यावरच नवा थर घेण्याकडे होता. नको. कोब्याचे वजन सरासरी दहा सेंमीला चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या आसपास भरते. त्यावर आणखी तेवढेच टाकले तर स्लॅबच्या जिवावर येते, आणि खालची पोकळी तशीच राहते. सगळा कोबा काढला. साडेपाच ट्रॉल्या राडारोडा.

२८ एप्रिल

उघड्या स्लॅबवर भेगा चार. भेग वरून चोळून बुजवत नाहीत. १० × १० मिमी खाच उघडायची, धूळ काढायची, पॉलिमर पाजायचे आणि पॉलिमर मसाल्याने भरायची. दोन ठिकाणी काँक्रीट मधमाशीच्या पोळ्यासारखे सच्छिद्र (साइटवर 'हनीकोंब' म्हणतात). तिथे नोझल बसवून सिमेंटचे पातळ ग्राउट दाबाने भरले. शेजारच्या नोझलमधून ग्राउट बाहेर आले की ते बंद करून पुढच्याला लागायचे.

पाण्याच्या वाटेचा हिशेब. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. तासाला १०० मिमी धरले तर या गच्चीवर मिनिटाला ९७ लिटर. तेवढ्या पावसाला १०० मिमीचा एक पाइप साधारण ४० चौ.मी. गच्ची उपसतो. आधी एकच होता, तोही ७५ मिमीचा. आता ११० मिमीचे दोन, दोन्ही पूर्व बाजूला. पाइपच्या तोंडाशी ४५ × ४५ सेंमीचा खोलगट खळगा केला, त्याला खुरा म्हणतात. पाइपच्या बाहेरून पॉलिमर मसाल्याची कॉलर. जाळी घुमटाकार, सपाट जाळीवर आंब्याची दोन पाने चिकटली की गच्चीचा हौद होतो.

२ मे

कोबा. नेमका अर्थ : विटांचे तुकडे मसाल्यात उभे बसवून गच्चीला दिलेला ढाळ, वर घोटलेला सिमेंटचा थर. तो पाणी अडवायला नाही, वाहून न्यायला असतो. अडवते ते त्यावरचे कोटिंग. दोन्ही कामांना 'वॉटरप्रूफिंग' म्हटल्यामुळे लोक एकच करून थांबतात.

ढाळ १०० ला १. पाइपशी जाडी ५ सेंमी, नऊ मीटरवरच्या पश्चिम टोकाला १४. लेव्हलच्या नळीने दर दीड मीटरवर ठिय्ये (उंचीच्या खुणेचे मसाल्याचे ठोकळे) घातले. डोळ्यांच्या अंदाजाने घातलेला ढाळ हमखास मध्ये बसका निघतो. विटा घाटावरून आल्या. जांभ्याचे तुकडे स्वस्त पडतात, अंगणातच पडलेले असतात, तरी नाही वापरले : चिरा पाणी पितो आणि त्यातले मातीचे डोळे सुटतात.

विटा आदल्या दिवशीपासून पाण्यात. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषते आणि मसाला भुसभुशीत राहतो. खाली १ : ४ (सिमेंट : वाळू) मसाल्याचा २ सेंमी थर, विटांमध्ये दीड-दोन सेंमी सांधे, तेही १ : ४ नेच भरलेले. आठवडाभर भिजवून वर अडीच सेंमी घोटाई, ओली असताना दोरीने ३० सेंमीच्या चौकटी, म्हणजे तडे गेले तर त्या रेघांत जातात.

कठड्याच्या कडेने वाटा घेतला, १० सेंमी गोलाईचा. काटकोनात कोटिंग ताणले जाते आणि तिथेच पहिल्यांदा चिरते.

१० मे

भिजवणे आणि पाण्याची चाचणी एकत्र केली, कारण मे महिन्यात टँकरचे पाणी दोनदा कोण आणणार. पाइप बुजवले, उंच टोकावर अडीच सेंमी येईपर्यंत भरले. म्हणजे पाइपशी साडेअकरा. सुमारे चार हजार लिटर.

पाण्याची पातळी खडूने आखली आणि शेजारी उन्हातच पाण्याची बादली ठेवली, तिच्यातही खूण. ४८ तासांनी बादलीतले पाणी ११ मिमी उतरले होते, गच्चीवरचे १२. बादली नसती तर १२ मिमी गळाले की वाळले यावर वाद झाला असता. खालच्या छताला नवी ओल नाही.

१७ मे

कोटिंग. आदल्या संध्याकाळी ४५ सेंमी चौकोनी प्लास्टिकचे चार तुकडे कडेने चिकटपट्टी लावून डकवले होते. सकाळी तिघांखाली कोरडे, वायव्य कोपऱ्यातल्याच्या आत थेंब. त्या कोपऱ्याला आणखी एक दिवस. ओल आत असताना कोटिंग केले की उन्हात वाफ होऊन फुगे येतात, मग म्हणतात मटेरियल खराब.

वापरले ते दोन घटकांचे सिमेंट-अ‍ॅक्रिलिक. द्रव आणि पावडर पुड्यावरच्या वजनातच मिसळायची. पातळ करायला वरून पाणी ओतले की थर वाळल्यावर खडूसारखा पुसला जातो. गच्ची आणि कठड्यावर ३० सेंमी चढ मिळून ६८ चौ.मी., एका हाताला (थराला) चौरस मीटरमागे एक किलोच्या हिशेबाने दोन हातांचे १३६ किलो. वाट्यावर आणि खुऱ्यात पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबली. दुसरा हात आडवा.

घरच्या काकूंनी विचारले, वर आमसुले वाळत घालता येतील ना? घालता येतील, पण चटई टाकून; खुर्ची-टेबलाचे पाय नकोत. रोजचा वावर असेल तर कोटिंगवर पातळ घोटाई किंवा चायना मोझॅकचे आवरण लागते. ते पुढच्या वर्षी, असे ठरले.

कठड्याचा माथा राहिला होता. चिऱ्याचा कठडा उघड्या डोक्याने पाणी पितो आणि ते भिंतीत उतरवतो. मग खोलीच्या भिंतीला लोणा (ओलीने वर येणारा पांढरा क्षार) लागतो. माथ्यावर गच्चीकडे उतरते कोपिंग (कठड्याचे झाकण) घातले, दोन्हीकडे अडीच सेंमी बाहेर, खालच्या अंगाला कडेपासून दीड सेंमीवर एक सेंमीची खाच. हीच ड्रिप. थेंब खाचेशी येऊन तुटतो. खाच नसेल तर पोटाखालून परत भिंतीकडे चालत जातो.

१९ मे

पडवीचा पत्रा. ०.५० मिमी रंगीत पत्रा, आतला लेप अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा, 'एझेड १५०', म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. पत्र्याची वरची कड कौलांच्या पागोळीखाली ३० सेंमी आत.

उत्तर टोकापासून लावत आलो. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. दक्षिणेकडचा पत्रा वर चढला की जोडाची उघडी कड उत्तरेला तोंड करते आणि झड तिच्यात घुसत नाही. उलट लावलेला पत्रा नवा असतानाच गळतो.

स्क्रू उंचवट्यावर, खोलगटात नाही. पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर १६८, जोडाला जोड शिवणारे ५५. रबरी वॉशर धातूच्या टोपीखालून किंचित फुगून दिसला की थांबायचे. सपाट होऊन बाहेर पसरला तर तो दोन उन्हाळ्यांत चिरतो. पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही : तापलेले लोखंडी कण रंगात रुततात आणि महिन्याभरात पत्र्याला गोवर आल्यासारखे तांबूस ठिपके उठतात. एका तुकड्यावर ते आजच दिसले, तो परत केला. कात्रीने कापून घेतले.

२४ मे

वादळी पाऊस रात्रीपासून. अरबी समुद्रातले डिप्रेशन (कमी दाबाचे तीव्र क्षेत्र) आज दुपारी रत्नागिरीजवळून किनारा ओलांडून आत गेले. मृगाच्या पंधरवडाभर आधीच अशी परीक्षा. सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता घर फिरून पाहिले.

माजघराची भिंत कोरडी. पडवी कोरडी. वरच्या खोलीत पंख्याच्या हुकाशी थेंब, दर मिनिटाला आठ-दहा. गच्चीवर पाणी साठलेले नाही, कोटिंग सलग.

पश्चिम पाख्याखाली माळ्यावर बारीक तुषार. ही गळती नव्हे, झड आहे. वारा कौलांच्या सांध्यांतून पाण्याची धूळ आत फेकतो. ठिबक एका जागी थेंब देते, ओल भिंतीत हळूहळू पसरते, झड सगळीकडे धुके टाकते, आणि पत्र्याखाली पहाटे दिसतो तो घाम. चारींचे उपाय वेगळे. झडीला कौलाखाली फळ्यांचे छत किंवा पाणी न पिणारा कागद लागतो, केमिकल कसलेही चालत नाही.

२६ मे

थेंबाचे कारण सापडले. गच्चीवरच्या दिव्यासाठी स्लॅबमधून वर आणलेला वायरचा पाइप आकाशाकडे तोंड करून उघडा होता. चाचणीच्या वेळी पाणी त्याच्या तोंडाच्या खाली होते, म्हणून कळले नाही. पावसाने थेट तोंडातून जाऊन पाणी पंख्याच्या डब्यात उतरले. आधी मेन स्विच बंद करून घेतला, डबा वाळवला.

पाइपला उलट्या यू आकाराचा बेंड, तोंड खाली. बुडाला पॉलिमर मसाल्याची कॉलर झाली, तिच्यावरचे दोन हात कोटिंग उघडीप मिळेल तेव्हा. पुढच्या कामांत पाहणीच्या दिवशीच गच्चीतून वर येणारा प्रत्येक पाइप मोजायचा. या घरी पाच होते, आमच्या यादीत चार.

१२ जून

तीन दिवस सलग उघडीप, कॉलरवर दोन हात दिले. पंख्याचा हूक कोरडा.

पन्हळ साफ केले. पहिल्याच पावसात दोन घमेली पातेरा आणि एक फुटके कौल निघाले. ते बदलले. उरलेली चांगली कौले ११८, पडवीत उभी रचून ठेवली आहेत. आडवी रचली की खालची तडकतात. तांब्याची तार आणि २७ स्क्रू डब्यात घालून मालकांकडे दिले. माळ्याला फळ्यांचे छत दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर.